खाडीतला जांभळा रंग आणि हरिभाऊ दिवटे

वडगावात पांढराशुभ्र शर्ट घालून फिरणारी माणसं दोनच प्रकारची. एक, निवडणुकीला उभी राहणारी. आणि दुसरे हरिभाऊ दिवटे. पहिल्यांचा शर्ट डाग पडू नये म्हणून जपलेला असतो. हरिभाऊंचा शर्ट मात्र डाग पाडून घ्यायलाच अंगावर चढवलेला असतो, आणि गेल्या चाळीसएक वर्षांत तो पडला नाही, हीच त्यांची इस्टेट.

गिऱ्हाईक दारात आलं, साडी उलगडली, काठ पाहिला, पदर पाहिला, की पुढचा प्रश्न ठरलेला. "रंग जाईल काय हो?"

हरिभाऊ तोंडानं उत्तर देत नाहीत. समोर असेल ते पाणी घेतात. तांब्या, फुलपात्रं, एकदा तर गिऱ्हाइकानं ओठाला लावलेला पेलाच त्यांनी काढून घेतला होता. त्यात पदराचं टोक बुडवायचं, पिळायचं, आणि स्वतःच्या डाव्या बाहीवर खसाखसा घासायचं. मग ती बाही गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची.

"हाय काय कुठं? बघा की. चष्मा घालून बघा. डाग दिसला तर साडी परत, वर चहा."

चहा कोणाला कधी मिळाला नाही. डाग नव्हताच, त्यामुळे हरिभाऊंचा नाइलाज होता.

ही सवय धंद्यापुरती असती तर ठीक होतं. पण हे गृहस्थ मला, म्हणजे लहानपणच्या दोस्ताला, सोबत घेऊन मुलगी पाहायला गेले तेव्हा पोहे बाजूला सारून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "ही साडी कुठली?" आणि समोर बसलेल्या मुलीचा पदर मागून घेऊन पाण्याच्या तांब्यात बुडवला. लालभडक रंग उतरला. मुलीच्या वडलांचा चेहराही तितकाच उतरला. हरिभाऊ म्हणाले, "साडी कच्ची हाय. पोरगी पक्की दिसतीया." ती पोरगी म्हणजे बेबीवहिनी. त्या आजही ही गोष्ट सांगून झाल्यावर म्हणतात, "भावजी, त्याच दिवशी उठून आत जायला पायजे होतं बघा मी." मग उठून आत जातात आणि हरिभाऊंना चहा आणून देतात.

घरात दोन पॉवरलूम, आणि मागच्या खोलीत वडलांच्या वेळचा एक हातमाग. दिवसभर खटाक-खटाक चालू असल्यामुळे या घरातली माणसं कुजबुजली तरी गल्लीला ऐकू येतं. त्यामुळे त्या दिवशी जे झालं ते लपवणं शक्यच नव्हतं.

दिवाळी सरली होती. वेंगुर्ल्याहून येणाऱ्या गाडीतून एक पुडकं आलं. त्यात हळदी रंगाची, डाळिंबी काठाची एक साडी, हरिभाऊंच्याच मागावरची. आणि पाठोपाठ जयाबाईंचा फोन.

जयाबाई कोण ते सांगायला हवं. वेंगुर्ल्याच्या अलीकडं एका खाडीच्या काठी खुणवाडी म्हणून वस्ती आहे. तिथल्या बायका ओहोटीला खडकांवरची कालवं फोडून बाजारात विकतात. जयाबाई त्यांच्यातली वडीलधारी. वर्षातून दोनदा हरिभाऊ साड्यांचे गठ्ठे घेऊन आंबोलीचा घाट उतरतात, ते थेट जयाबाईंच्या अंगणात. ती जी साडी नेसते तीच महिन्याभरात सगळा खाडीकाठ नेसतो. ती नाक मुरडते ती साडी घाट चढून परत वडगावला येते. हरिभाऊंचा अर्धा धंदा त्या बाईच्या नाकावर उभा आहे.

फोन स्पीकरवर होता.

"हरीभाव, तुमच्या साडयेचो रंग गेलो."

हरिभाऊंनी उठून दोन्ही माग बंद केले. खंडेनवमी सोडून हा माणूस कधी चालते माग बंद करत नाही. गल्लीत एकदम शांतता पसरली. समोरचे भावकूआप्पा काय झालं म्हणून उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"काय म्हणालीस जयाबाय?"

"काठाचो रंग पोटात उतरलो. मांडयेवर सगळे जांभळे डाग. धुतलंय, आपटलंय, उन्हात घातलंय. जितक्या उन्हात घालूचा तितको डाग गडद जाता. आता शिमग्याक बायका माका इचारतले, काय सांगू?"

हरिभाऊंनी साडी उलगडली. खरंच, पुढच्या निऱ्यांवर जांभळ्या शिंतोड्यांची रांगोळी उमटली होती. त्यांनी पदराचं टोक भिजवलं, पिळलं, बाहीवर घासलं. काही नाही. काठ घासला. काही नाही. मग डाग घासला. तोही हलला नाही.

"आता ह्यो काय प्रकार?" ते म्हणाले.

पुढचे दिवस बेबीवहिनींनी काढले, हरिभाऊंनी नाही. साबण झाला, रिठे झाले, लिंबू झालं, सोडा झाला. शेजारणीनं सांगितलं म्हणून रॉकेल झालं. डाग प्रत्येक आंघोळीनंतर जास्त देखणा होत गेला.

"ह्यास्नीच घाला उन्हात," वहिनी मला म्हणाल्या. "लई फिक्कं पडलंय तोंड."

तोंड फिक्कं पडलं होतं हे खरं. बाकी कुणाला साडीत एखादा डाग म्हणजे एक साडी वाया. हरिभाऊंना तो डाग म्हणजे चाळीस वर्षांच्या बाहीवर पडलेला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला एकदा एकटं गाठून ते हळूच म्हणाले, "आपला डाळिंबी काठ रॉकेलनं जरा ढिला झाला बघ. ह्यो जांभळा मात्र हलला न्हाय. कुणाचा रंग असंल रं ह्यो?" त्या आवाजात दुःख कमी आणि मत्सर जास्त होता.

शेवटी आम्ही दोघं गाडीत बसलो. मला नेलं ते सल्ल्यासाठी नव्हे, पिशवी धरायला.

खुणवाडीला पोचलो तेव्हा ओहोटी होती. जयाबाई कमरेला पदर खोचून खडकांवर होती. वय झालं आहे, पण चिखलातून अशी चालते जसं आपण हॉलमधून चालतो. हरिभाऊ चपला हातात घेऊन तिच्यापर्यंत पोचले, तोवर दोनदा बसले होते. एकदा स्वखुशीनं.

"दाखव बघू, काय काय करतीस ही साडी नेसून."

"काय करतलंय? ह्यां करतंय." तिनं खडकावरून मुठीएवढा एक शंख उपटला. आत गोगलगाय. खडकावर कालवांपेक्षा हे शंखच जास्त दिसत होते. "ह्यो मेलो खयसून इलो देव जाणे. मासळी खात्याचे साहेब येवन सांगान गेले, परदेशातलो आसा म्हणान. मोठ्या बोटींच्या बुडाक चिकटान इलो. कालवाक भोक पाडता आणि आतलां चोखून खाता. आमका रवतंत ते कवचे. दोन वर्सांमागे हंय एक पण नव्हतो."

तिनं एक कालव उलटं करून दाखवलं. वरच्या कवचाला एक गोल छिद्र होतं, सुतारानं गिरमिट मारावं तसं. आत काही नव्हतं.

"मग काय करता तुम्ही?"

"ठेचतंय!" असं म्हणून जयाबाईनं तो शंख मांडीशी धरला आणि कोयत्याच्या मुठीनं ठेचला. फिकट पिवळसर पाणी उडालं. तिच्या साडीवर उडालं, आणि वाकून पाहणाऱ्या हरिभाऊंच्या डाव्या बाहीवरही उडालं.

आम्ही काठावर येऊन उन्हात बसलो. जयाबाईनं सोलकढी आणली. ती पिऊन होईपर्यंत हरिभाऊंच्या बाहीवरचा पिवळट डाग हिरवट झाला. गप्पा चालल्या होत्या तोवर निळसर झाला. आणि उठायच्या वेळी तो जांभळा होता. चांगला भरदार, पिकलेल्या जांभळासारखा. वास मात्र सडक्या लसणाचा.

जयाबाई बाहीकडं पाहत राहिली, मग आपल्या मांडीकडं पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे तुमच्या रंगाचो दोष नाय! ह्या मेल्या शंखाचो!" तिनं तिथूनच खडकावरच्या बायकांना हाक मारली. "गे, हरीभावचो रंग गेलो नाय गे! शंखाचो आसा!"

झालं. अब्रू वाचली. पुडकं परत जयाबाईकडं गेलं, "शंख ठेचूक बरी पडात" म्हणून तिनं ती साडी ठेवूनही घेतली. कुठलाही शहाणा माणूस इथं गाडी पकडून घरी गेला असता.

हरिभाऊ गेले नाहीत. त्यांनी बाही पाण्यात बुडवली, घासली, दगडावर आपटली. डाग हलला नाही. त्यांच्या डोळ्यांत असा भाव आला, जो मी आधी एकदाच पाहिला होता, मुलगी पाहायला गेले होते तेव्हा.

"जयाबाय, हे शंख मला दे. जेवढे असतील तेवढे दे. मी घेतो."

बायका हसायला लागल्या. खाडीचा नायटा घेऊन जाणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. "हसू नका," हरिभाऊ म्हणाले. "तुमची कालवं वाचतील, माझा रंग होईल. हरिभाऊ दिवट्याचा शब्द हाय. आणाल तेवढे शंख घेणार."

त्या गर्दीत जयाबाईचा पुतण्या विक्रम होता. त्यानं तो शब्द नीट ऐकला. या विक्रमनं आजवर कोंबड्या, मशरूम आणि घरगुती खानावळ असे तीन धंदे मन लावून बुडवले होते आणि चौथ्याच्या शोधात होता.

परतीचा प्रवास मी विसरू शकत नाही आणि त्या गाडीतले इतर लोकही विसरले नसतील. ओल्या पोत्यात शंख, वर समुद्राचं गवत. आंबोली चढेपर्यंत बरं होतं. मग पोत्यातली मंडळी गरम होऊन बाहेर निघाली. एक खिडकीच्या काचेवर चढली. एक पुढच्या बाईच्या चपलेत शिरली. वास असा की मागच्या बाकावरच्या एकानं आपल्याच डब्याचं झाकण उघडून तपासलं.

कानडी बोलणारा कंडक्टर आला. नाकाला रुमाल. "चीलदाग एनैत्री?"

पिशवीत काय आहे याचं खरं उत्तर देणं शक्य नव्हतं. हरिभाऊ शांतपणे म्हणाले, "बण्ण री. रंग हाय, रंग. साडीचा."

कंडक्टरनं काचेवर हळूहळू चढणाऱ्या रंगाकडं पाहिलं. मग सामानाचं तिकीट फाडलं आणि पुढचा सगळा प्रवास ड्रायव्हरशेजारी उभ्यानं केला.

वडगावात त्याहून रंगत आली. हरिभाऊंनी अंगणात शंख फोडायला सुरुवात केली. आत एक पिवळसर शीर असते, ती काढायची, रेशमाच्या लडीवर चोळायची, लडी उन्हात धरायची. जितके शंख फुटत गेले तितकी गल्ली रिकामी होत गेली. भावकूआप्पांकडं पाहुणे आले होते. त्यांनी गटार फुटलं असं समजून पालिकेत फोन लावला. गाडी आली, माणसांनी गटाराची सगळी झाकणं उघडली, आत वाकून पाहिलं, आणि गटार निर्दोष सुटलं.

"वास कुठनं याय लागलाय?" भावकूआप्पांनी हरिभाऊंच्या दारात येऊन विचारलं.

"समुद्राचा हाय," हरिभाऊ म्हणाले.

"समुद्र आंबोलीच्या पल्याड हाय, हरी."

"त्योच आणलाय."

बेबीवहिनी या काळात माहेरी सदलग्याला जाऊन आल्या. "जाऊन आल्या" हा त्यांचा शब्द. गल्लीचा शब्द "पळून गेल्या" असा होता. परत आल्या तेव्हा वास ओसरला होता आणि अख्ख्या पोत्यातून हरिभाऊंच्या हातात एक बारीकशी लडी उरली होती, लहान मुलीच्या वेणीएवढी. त्यातून साडी सोडा, रुमालही निघाला नसता. मग त्यांनी मागच्या खोलीतला हातमाग पुसून काढला आणि मोतिया रंगाच्या साडीला काठाच्या आत जांभळी रेघ विणली, दोऱ्यासारखी बारीक.

साडी मागावरून उतरली तेव्हा मी तिथं होतो. त्यांनी पदराचं टोक भिजवलं, पिळलं, बाहीवर घासलं. शर्ट स्वच्छ पांढरा. रेघ होती तिथंच. दारातून ऊन आलं की ती आतून पेटल्यासारखी दिसायची.

बेबीवहिनी लग्नापासून आजवर नवऱ्याच्या साडीला "बरी हाय" यापलीकडं गेल्या नव्हत्या. त्या साडीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाई गं." बस्, एवढंच. पण हरिभाऊ त्या दिवशी जेवताना दोनदा कारण नसताना हसले. आणि संध्याकाळी जयाबाईला फोन केला. "अजून शंख पाठव. कितीबी पाठव. रंग पक्का हाय, एकदम पक्का!"

आपण काय बोलून बसलो ते त्यांना शिमग्याच्या आधी कळलं.

शिमग्याला खाडीकाठ नवी साडी नेसतो. म्हणून हरिभाऊंनी गठ्ठे बांधले आणि आम्ही पुन्हा घाट उतरलो. थांब्यावर विक्रम उभा होता. चेहऱ्यावर असं तेज, जसं धंदा बुडण्यापूर्वी माणसाच्या चेहऱ्यावर असतं.

"हरीकाका, आता तुमका शंख कधी कमी पडूचे नाय. येवा, दाखयतंय."

त्यानं आम्हाला डोंगर चढवला आणि पलीकडच्या बाजूला उतरवला. तिथं दुसरी खाडी आहे, छोटी, स्वच्छ, खडक कालवांनी भरलेले. आणि त्या खडकांवर, अंतराअंतरावर, शंख बसले होते. काही खडकांना पिवळट अंड्यांचे पुंजके चिकटले होते, भाताच्या लोंब्यांसारखे.

"आमच्या खाडयेत बायका ठेचून टाकतंत, पीक येवचा कसा? म्हणान दोन टोपल्ये हंय आणून सोडलंय. हंय खावक कालवां भरपूर. बघा कशे वाढतंत! पुढच्या वर्साक गाडी भरून देतंय."

हरिभाऊ खडकावर बसले. यावेळी स्वखुशीनं नव्हे.

संध्याकाळी जयाबाईच्या अंगणात विक्रमला तिच्याकडून जे मिळालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच : "माझी लेक राणी त्या खाडयेर दिलेली आसा रे! तिच्या घराची चूल त्या कालवांवर पेटता! आमच्या खाडयेची राखरांगोळी झाली ती पुरी नाय?"

"विक्रम," हरिभाऊ म्हणाले, "मी आता एकबी शंख घेणार न्हाय. शब्द माघारी घेतो."

"तुमी नको तर दुसरो कोण घेतलो," विक्रम म्हणाला. त्यानं मोबाइल काढून त्या मोतिया साडीचा फोटो दाखवला, हरिभाऊंनीच हौसेनं पाठवलेला. "पुण्यातलो एक जण इचारता. माणसांक अस्सल रंग होयो आसा. तिसऱ्या खाडयेत पण सोडतंय मी. तुमीच म्हणालात मां, रंग पक्को आसा?"

आयुष्यभर हेच एक वाक्य म्हणून हरिभाऊ जगले होते, आणि आता ते वाक्य खडकाखडकावर बसून कालवं खात होतं.

ते त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, "दुकानात जाऊन पांढऱ्या सुताची एक लडी आण आणि शिमग्याच्या रंगाची एक पुडी. पोरं खेळतात तसली. जांभळी."

"कशाला?"

"पिशवी धरायला आलायस न्हवं? मग धर की."

ऊन वर आल्यावर बाजाराच्या कट्ट्यावर साड्या मांडल्या. खाडीकाठच्या बायका जमल्या, डोंगरापलीकडच्याही आल्या, राणीही तिच्या जावांना घेऊन आली. विक्रम पुढंच होता, त्याच्यामागं त्याचे दोन-तीन नवे भागीदार. जयाबाई बाजूला बसली होती, अंगावर तीच हळदी साडी, शंख ठेचायची, निऱ्यांवर जांभळे डाग मिरवणारी.

हरिभाऊंनी पिशवीतून जांभळ्या सुताची एक लडी काढली.

"बायानो, ह्यो तुमच्या शंखाचा रंग. लई मेहनत घेतली. माझा शब्द होता, म्हणून तुमच्यासमोरच तपासतो."

तांब्यात लडी बुडवली. पिळली. आणि डाव्या बाहीवर, जिथं चाळीस वर्षांत स्वतःचा रंग कधी लागला नव्हता, तिथं खसाखसा घासली.

बाही जांभळी झाली. कोपरापर्यंत ओघळ आले. तांब्यातलं पाणीही जांभळं.

मग हरिभाऊंनी घसा खाकरला. ते वाक्य त्यांच्या तोंडून निघायला वेळ लागला. भोवतालच्या बायकांना वाटलं त्यांना ठसका लागलाय.

"रंग... कच्चा हाय."

आणि मग एक हसू फुटलं ते अख्ख्या बाजारात गेलं. "गे, हरीभावचो रंग गेलो गे!" "बाही बघ, शिमगो खेळान इले!" "म्हातारपणात गेलो बाय एकदाचो!" माणसं मासे सोडून पाहायला आली. हरिभाऊ बाही पुढं धरून उभे होते, नेहमीसारखे. फक्त यावेळी बघा म्हणायची गरज नव्हती.

विक्रम मात्र हसला नाही. त्याच्या कपाळावर आठी पडली. "पण काकू, तुझ्या साडयेचो डाग तर... "

मी जयाबाईकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं असतं, पण त्याआधीच तिनं डाव्या हातानं पदर खाली ओढला, मांडीवर नीट पसरला, कडेला खोचला आणि एखाद्या महाराणीसारखी ताठ बसली.

"माझो डाग?" ती म्हणाली. "तो मागच्या धुण्यात गेलो. साबणाच्या पयल्याच पाण्यात. कसलो रंग आणि कसलां काय."

तिनं हरिभाऊंकडं पाहिलं नाही. हरिभाऊंनीही पाहिलं नाही. दोघंही फार कामात असल्यासारखे साड्यांच्या घड्या नीट करू लागले, ज्या आधीच नीट होत्या.

विक्रमचा चेहरा मशरूमच्या वेळी झाला होता तसा झाला. "म्हणजे ह्यां पण गेला," तो पुटपुटला. भागीदार एकेक करून मासे पाहायला निघून गेले.

"जावंदे रे," जयाबाई उठत म्हणाली, पदर मांडीवर तसाच दाबून. "ओहोट लागली. पोतां घे आणि चल पलीकडे. टाकलंस तां उचल आता. अंडी पण खरवडून काढूची."

सगळे डोंगर चढले. हरिभाऊही चढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. त्या दिवशी त्यांनी उपटलेल्या शंखांपेक्षा त्यांना लागलेल्या ओरखड्यांची संख्या जास्त असेल, पण भरती येईपर्यंत ते खडकावरून हलले नाहीत. शंख काठावर आणून ठेचले, खड्डा करून पुरले. सगळे सापडले असतील असं नाही. राणी आणि तिच्या जावा अजून दर ओहोटीला पाहतात, अधूनमधून एखादा मिळतो. खुणवाडीच्या खाडीत तर ते आहेतच.

संध्याकाळी साड्यांची विक्री झाली, पण कशी? प्रत्येक बाई साडी घ्यायची, पदर पाण्यात बुडवायची आणि आपल्याच हातावर घासून पाहायची. "आज हरीभावचो काय भरवसो गे." सगळा जन्म दुसऱ्यांना घासून दाखवणारा माणूस तोंड बारीक करून उभा राहिला आणि बायका घासत राहिल्या. बऱ्याच साड्या ओल्या पदरांसकट गठ्ठ्यात परत बांधाव्या लागल्या.

शेवटी जयाबाई आली. गठ्ठ्यातून हिरवी साडी उपसली आणि काखेत मारली.

"बघत न्हाईस घासून?" हरिभाऊंनी विचारलं.

"कित्याक?" जयाबाई म्हणाली. "तुमच्या बाहीची वाट लावूक?"

घरी आल्यावर बेबीवहिनींनी शर्टाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मीच सांगितलं. त्यांनी शर्ट बादलीत टाकला. पुडीचा जांभळा पहिल्याच पाण्यात निघून गेला. वहिनींनी बाही उजेडात धरली. मनगटाजवळ एक छोटासा डाग होता, पहिल्या शंखाचा, थंडीतला. बाकी सगळं गेलं, तो होता तसाच.

"ह्यो न्हाय जाणार," त्या म्हणाल्या.

"राहू दे त्यो," मागच्या खोलीतून हरिभाऊ म्हणाले. माग बंद होते, त्यामुळे ऐकू आलं.

मोतिया साडी आता बेबीवहिनींकडं असते. गल्लीतल्या लग्नाला नेसतात. मागच्या लग्नात भावकूआप्पांच्या सुनेनं काठाची ती रेघ बोटानं चाचपून विचारलं, "आक्का, कसला हो ह्यो रंग? लई भारी दिसायलाय."

वहिनींनी साडी जरा आवरून घेतली. समोर हरिभाऊ जेवायला बसले होते, पांढऱ्या शर्टात.

"कच्चा हाय गं," त्या म्हणाल्या. "पाणी सांडू नकोस त्याच्यावर."